दुसरं वाचन

फॅक्सच्या यंत्रातून कागद पुरता बाहेर पडायच्या आतच बाईंनी त्याचं टोक धरून ओढलं, आणि यंत्राने कुरकुरत शेवटची ओळ तिरकी छापली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर बाईंनी त्याची चांगली हजेरी घेतली असती. पण आज सकाळपासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, चहा बशीत आणि बशीतून टेबलावर गेला होता, आणि खिडकीशी जायचं नाही असं स्वतःला बजावून त्या चार वेळा खिडकीशी जाऊन आल्या होत्या.

बंदराच्या कचेरीतली भाषांतराची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून चार नंबरचा धक्का समोरच दिसे. तिथे तांबड्या पोटाचं एक मालवाहू जहाज दोरखंडांनी बांधून उभं होतं, आणि त्या जहाजावर बाईंचा धाकटा मुलगा होता. साडेबाराच्या भरतीला जहाज सुटणार, ते नऊ महिन्यांनी परत येणार.

कागदावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत एकच शब्द होता, एम्बार्गो. त्याच्याखाली जहाजाचं नाव. बाईंनी चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं. तेच जहाज. त्या खुर्चीत बसल्या.

मुलाशी त्या अकरा दिवस बोलल्या नव्हत्या. पोरगं वीजकाम शिकलं, दोन वर्षं लोकांचे पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत हिंडलं, आणि एके दिवशी जहाजावर विजेच्या कामाला मदतनीस म्हणून घेतल्याचं पत्र नाचवत घरी आलं. बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि नाही म्हणाल्या. त्यावर तो म्हणाला, विचारायला नाही आलो, सांगायला आलोय. झालं! त्या दिवसापासून ताट वाढायचं, कपडे वाळत घालायचे, पण तोंडातून शब्द म्हणून काढायचा नाही. बाईंचे यजमान शिंपी होते, शांत माणूस. टाका तुटला तर रागावण्यापेक्षा दुसरा घालणारे. ते म्हणाले, "परक्या देशांवर घालतात तो एम्बार्गो घरच्या पोरावर घातलास होय?" बायकोच्या नोकरीपायी असले शब्द त्यांनाही येत. बाईंनी मग त्यांच्याशीही दोन दिवस बोलणं टाकलं.

खरं सांगायचं तर बाईंना समुद्राची भीती होती, आणि ती ऐकीव नव्हती. सव्वीस वर्षं त्या बंदराच्या कागदांची भाषांतरं करत होत्या. सुखरूप पोचलेल्या जहाजाचा कागद भाषांतराला येत नाही. येतात ते अपघातांचे पंचनामे, हरवलेल्या माणसांचे तपास, आणि समुद्रावर वारलेल्या खलाशांच्या सामानाच्या याद्या. सदरे तीन, चपलांचा जोड एक, मुलीचा फोटो एक. अशी यादी पुरी करून बाई घरी जात आणि स्वयंपाकाला लागत. समुद्र त्यांनी कागदावरच पाहिला होता, आणि कागदावर तो फार वाईट दिसतो.

आज सकाळी मुलगा दाराशी बॅग घेऊन थांबला. "येतो," म्हणाला. बाई शेगडीकडे तोंड करून उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग खाली फाटकाचा आवाज झाला.

फोन वाजला. बंदराचे साहेब होते. चार महिन्यांपूर्वी बदलून आलेले, वयाने बाईंच्या थोरल्या लेकीएवढे. आधीच्या साहेबांना एका चुकलेल्या आकड्यापायी कुठल्या कुठे पाठवलं होतं, त्यामुळे हे ताकसुद्धा फुंकून पीत. त्यांनी घाईघाईने सांगितलं ते असं, की ज्या देशाकडे हे जहाज तारांची रिळं घेऊन निघालंय, त्या देशाशी व्यापार आजपासून बंद. आदेश परक्या भाषेत आलाय, आणि कायद्याप्रमाणे आपल्या भाषेतलं भाषांतर शिक्क्यानिशी हातात पडल्याशिवाय जहाजाला हात लावता येत नाही. भरती साडेबाराला. जहाज बंदराच्या हद्दीबाहेर गेलं, की आपला आणि त्याचा संबंध संपला.

"किती वेळ लागेल, बाई?"

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"तासाभरात देते," बाई म्हणाल्या.

फोन ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला हसू येतंय. सुंठीवाचून खोकला चालला होता! पोराच्या हातापाया पडायला नको, हट्ट सोडायला नको, काही बोलायला म्हणून नको. सरकारच त्याला अडवत होतं. आपण आपलं काम करायचं, तेही वेळेवर, एवढंच. मनात कुठेतरी लाजही वाटली, पण ती त्यांनी बाजूला सारली. लाजायला दुपार पडली होती.

त्यांच्या मागच्या कपाटात शब्दांच्या कार्डांचे खण होते. या शब्दाची कार्डं पाच, सगळी त्यांच्याच हातची. देशावर असेल तर निर्बंध. मालावर असेल तर बंदी. वर्तमानपत्रांना आगाऊ पाठवलेल्या बातमीवर असेल, तर 'अमुक वेळेपूर्वी छापू नये'. कुठल्याशा विद्यापीठाने एक प्रबंध पाच वर्षं कुणाला वाचू दिला नव्हता, त्याचंही कार्ड होतं. पण धक्क्यावरच्या जहाजाला सुटू द्यायचं नाही असा हुकूम असला, तर त्याला या बंदरात जुन्या लोकांचा एक शब्द होता, अटकाव. बाईंनी कार्ड न काढताच मथळा लिहिला, अटकाव आदेश, आणि पहिल्या कलमाला हात घातला.

तिथेच त्या चुकल्या. खोलीत नवा माणूस आला की बाई त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावत, की आधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मगच पेन उचलायचं. आज त्यांनी स्वतः मागचं पुढचं न बघता वरून सुरुवात केली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

पान हातावेगळं झालं की त्या ते पलीकडे अण्णांकडे सरकवत. अण्णा म्हणजे खोलीतले टंकलेखक, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. दोन बोटांनी टंकत, पण चूक शोधून सापडायची नाही. तिसरं पान आलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, आज बाईंच्या हाताला भिंगरी लागलीय. बाईंनी ऐकलं नाही. माल उतरवू नये, झालं. इंधन देऊ नये, झालं. जहाज बाहेर काढायला पायलट देऊ नये, झालं. एकेक कडी लागत होती आणि बाईंना डोळ्यासमोर संध्याकाळ दिसत होती. तो बॅग घेऊन जिना चढेल, तोंड पाडून बसेल. बसू दे. दोन दिवस फुगेल, मग भूक लागेल. हातपाय धू, एवढं आपण म्हणायचं, की विषय संपला.

कलम सात. जहाजावरील कोणाही व्यक्तीस, हा आदेश उठेपर्यंत, किनाऱ्यावर उतरता येणार नाही. किनाऱ्यावरील कोणासही जहाजावर जाता येणार नाही.

पेन आपल्या सवयीने पूर्णविरामापर्यंत गेलं आणि मग थांबलं.

सात वर्षांपूर्वी असंच एक जहाज या बंदराच्या तोंडाशी चौदा महिने अडकून पडलं होतं. त्यावरच्या खलाशांची पत्रं भाषांतराला बाईंकडेच येत. पहिल्या महिन्यातल्या पत्रांत थट्टामस्करी असे. चौथ्या महिन्यात त्यांनी पिण्याचं पाणी मागितलं. नवव्यात एकाने लिहिलं, की इथून तुमच्या गावातली एक गच्ची दिसते, तिथे एक बाई रोज दुपारी वाळलेले कपडे काढायला येते, ती एखादा दिवस आली नाही तर आम्हाला सगळ्यांना काळजी लागते. अकराव्या महिन्यात पत्रं थांबली आणि डॉक्टरांचे अहवाल सुरू झाले. एक जण पोहत किनाऱ्याला यायला निघाला होता. त्याच्या सामानाची यादी बाईंनीच केली होती.

त्यांनी आठवं कलम वाचलं. आदेश लागू होण्यापूर्वी जे जहाज बंदर सोडून गेलं असेल, त्याने माल अन्य कोणत्याही देशात उतरवावा, त्याच्या खलाशांना कसलीही आडकाठी असणार नाही. त्याखाली जहाजावरच्या माणसांची यादी होती, बावीस नावं, आपल्या लिपीत उतरवायची. बाईंनी ती उतरवली. चौदाव्या ओळीत मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव, मग त्यांच्याच घराचा पत्ता, मजल्यासकट.

अकरा चाळीसला सगळं टंकून झालं. आता फक्त शिक्का मारायचा, आणि शिक्क्याखाली स्वतःच्या हाताने वेळ लिहायची.

बाई पाचव्यांदा खिडकीशी गेल्या. जहाजावर नारिंगी डगल्यातली माणसं हिंडत होती. इतक्या लांबून सगळी सारखीच, त्यातला आपला कोणता ते कळेना. फोन करून उतर म्हणावं, तर शिडी दहालाच वर घेतलेली. शिवाय शिक्क्याआधी या कागदातलं अक्षर बाहेर गेलं तर नोकरी तर जाईलच, वर काय होईल ते सांगता यायचं नाही. शिक्का मारावा, तर पोरगं डोळ्यासमोर राहील, इथून आठ मिनिटांच्या वाटेवर, आणि त्याला हात लावता यायचा नाही. न मारावा, तर ते त्याच समुद्रावर जाईल, ज्याची त्यांना इतकी वर्षं धास्ती. पण तिथे तो मोकळा तर असेल! चिडलेला, उन्हाने काळवंडलेला, आईला विसरलेला, कसाही. पण मोकळा.

आपण तासाभरापूर्वी हसलो होतो, हे बाईंना आठवलं, आणि स्वतःचा इतका संताप आला की त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "कागद घेऊन इकडे बसा. दुसरं वाचन करू."

अण्णांनी मान वर केली. तसा नियम होता खरा, एकोणिसावा. भाषांतर झालं की एकाने ते मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची, आणि मगच शिक्का. पण बाईंच्या हातचा कागद दुसऱ्यांदा वाचायचा म्हणजे हातच्या काकणाला आरसा. मागचं दुसरं वाचन या खोलीत झालं तेव्हा अण्णांचे केस काळे होते.

"आज?" अण्णांनी विचारलं.

"आज."

अण्णा येऊन बसले आणि भरभर वाचू लागले, कारण भरतीची वेळ त्यांनाही ठाऊक होती. बाईंनी दुसऱ्याच ओळीला थांबवलं. स्वल्पविराम ऐकू आला नाही म्हणाल्या. अण्णा म्हणाले, अहो, स्वल्पविराम कधी ऐकू येतो का? मग तो म्हणून दाखवा, असं बाईंनी सांगितलं. तेव्हापासून अण्णा स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस पुरा, असं सगळं साग्रसंगीत म्हणू लागले, आणि पहिलं कलम संपायला पाऊण पान आणि बारा मिनिटं लागली. बाईंचं बोट मूळ कागदावर होतं आणि टेबलाखाली पाय सारखा हलत होता. आपण कामचुकारपणा करतोय असं कुणाला म्हणता येणार नव्हतं. तेच त्यांना आत टोचत होतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी साहेब स्वतः जिना चढून आले.

"झालं ना?"

"दुसरं वाचन चालू आहे," बाई म्हणाल्या.

"ही काय भानगड?"

बाईंनी नियमाचा आकडा सांगितला. साहेबांनी भिंतीवरच्या तक्त्यात तो शोधला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण आजवर मला कधी कुणी..."

"आजवर चुकत होतं, साहेब."

नियम म्हटला की साहेब दोन पावलं मागे सरकत, आणि इथे तर तो छापलेला समोर टांगला होता. ते खिडकीशी गेले, परत आले, पुन्हा गेले. लावलेली खिडकी त्यांनी उघडली. पायलटची होडी निघाली, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. मग म्हणाले, अण्णा, जरा आटपा. अण्णांनी हो म्हटलं आणि कंस पुरा केला.

सातवं कलम वाचून झाल्यावर अण्णा क्षणभर थांबले. बाईंनी मान वर केली नाही. मग आठवं झालं, मग यादी आली. अण्णा एकेक नाव, वडिलांचं नाव, पत्ता वाचू लागले. तेरावं नाव झालं. चौदाव्या ओळीवर ते अडखळले. टंकताना बोटांनी कागद पाहिला होता, डोळ्यांनी बहुधा आत्ताच पाहिला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला. नाव त्यांना माहीत होतं. लहानपणी शाळा सुटली की हा मुलगा त्यांच्याच टेबलाखाली बसून खोडरबर कुरतडत असे.

"माझी ओळ चुकली बहुतेक," अण्णा म्हणाले. "यादी पहिल्यापासून घेतो."

"घ्या," बाई म्हणाल्या.

साहेब मटकन स्टुलावर बसले. अण्णांनी पहिलं नाव घेतलं. पाचव्या नावाला जहाजाचा भोंगा वाजला, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. बाईंचं बोट पाचव्या नावावरून सहाव्यावर गेलं. दोर सोडले, साहेब म्हणाले. मग म्हणाले, वळतंय. अण्णांचा वेग वाढला नाही आणि कमीही झाला नाही. या वेळी चौदावं नाव त्यांनी पत्त्यासकट स्वच्छ वाचलं, आणि बाईंनी "बरोबर" म्हटलं.

शिक्का पडला तेव्हा एकला दोन मिनिटं कमी होती. बाईंनी वेळ लिहिली, एका मिनिटाचाही फरक न करता. जहाज केव्हाच बंदराच्या भिंतीपलीकडे गेलं होतं.

साहेब कागद घेऊन उभे राहिले. आता तो नेऊन कुणाला द्यायचा हा प्रश्नच होता. वर उत्तर काय द्यायचं, असं पुटपुटत ते पानं उलटत होते आणि शेवटच्या पानावर थांबले. दोनदा वाचलं. मग कागदावरून बाईंकडे पाहिलं.

"हा चौदावा. पत्ता तुमचा आहे."

"धाकटा आहे माझा."

बाईंचा मुलगा जहाजावर चाललाय आणि बाईंना ते मुळीच मान्य नाही, हे कचेरीत जिन्याखालच्या मांजरापासून सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनाही होतं. कोणतं जहाज, तेवढं नव्हतं. ते हळूहळू स्टुलावर परत बसले. चेहऱ्यावरची चीड कुठल्या कुठे गेली.

"म्हणजे तुम्ही नुसती थोडी घाई केली असती," ते म्हणाले, "तर जहाज थांबलं असतं. पोरगा तुमच्या नजरेसमोर राहिला असता. आणि तुम्ही नियम धरून बसलात!"

अण्णांना टेबलाच्या खणात काहीतरी शोधायचं निघालं.

"माझ्या आईच्याने झालं नसतं हे," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. वरून उशिराबद्दल विचारणा झालीच तर मी हेच कळवीन, म्हणाले. आजकाल अशी माणसं राहिली नाहीत, असंही म्हणाले. त्यांनी रागवायला हवं होतं, असं बाईंना वाटलं. चांगलं खडसावलं असतं, दोन शब्द कमीजास्त बोलले असते, तर ते घेऊन घरी जाता आलं असतं. हे कुठे न्यायचं? तुमच्या आईनेही हेच केलं असतं हो, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं, पण ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. त्यांनी मान हलवली आणि शिक्का पुसून ठेवला.

साहेब गेले. अण्णा चहा सांगून येतो म्हणाले आणि जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

बंदराची भिंत ओलांडल्यावर फार तर अर्धा तासच फोन लागू शकतो, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी पर्समधून फोन काढला. अकरा दिवसांत नंबर यादीत पार खाली गेला होता. पहिल्या खेपेला लागला नाही. दुसऱ्या खेपेला वारा ऐकू आला, इंजिनाची धडधड ऐकू आली, आणि मग घाबराघुबरा आवाज.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

आईचा फोन म्हणजे काहीतरी वाईटच झालं असणार, असं पोराला वाटावं! बाईंना रडू फुटलं. फोन त्यांनी तोंडापासून लांब धरला, नाक पुसलं आणि मग परत कानाला लावला. तिकडे तो आई, आई करत होता.

"काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "तू बोल. आवाज येतोय तोवर बोलत राहा."